डॉ. ड्यू बॉइस : आंकडे आणि चेहरे

शिरगणतीचा माणूस दाराशीं येतो, घरांत माणसें किती, लिहितांवाचतां कोणाकोणास येतें, उपजीविकेचें साधन काय, हें विचारून घेतो आणि पुढच्या दाराकडे वळतो. आपलें नांव त्याच्या कागदावर चढतें खरें. परंतु पुढें जो जाडजूड ग्रंथ छापून निघतो त्यांत तें कोठेंहि सांपडत नाहीं. तेथें आपण केवळ एक होऊन लक्षावधि एकांच्या बेरजेंत मिसळून गेलेले असतों. ही बेरीज खोटी नसते, आणि तिच्यावांचून राज्यकारभार चालत नाहीं. तथापि ती पाहून आपल्या आजीचा चेहरा कोणाच्या डोळ्यांपुढें उभा राहील काय? उलटपक्षीं, एकट्या आजीची हकीकत ऐकून साऱ्या मुलखाची स्थिति कळेल काय? ह्या दोन प्रश्नांच्या मध्यें एका थोर पुरुषाचें आयुष्य गेलें. त्याची ओळख आमच्या विद्यार्थी वाचकांस व त्यांच्या वडील मंडळींस करून द्यावी असें आम्हीं योजिलें आहे.

अलीकडे कांहीं कलावंत अशीं प्रदर्शनें मांडतात कीं, प्रेक्षकानें आंत पाऊल टाकतांच त्यास चार प्रश्न विचारले जातात आणि त्याच्या उत्तराचा ठिपका भिंतीवरील मोठ्या आकृतींत जाऊन बसतो. मग तो गृहस्थ त्या ठिपक्यांच्या गर्दींत स्वतःस शोधूं लागतो. ही कल्पना अगदीं नवी, विजेच्या यंत्रांनीं शक्य केलेली, अशी पुष्कळांची समजूत आहे. परंतु इ. स. १९०० सालीं पॅरिस येथील जागतिक प्रदर्शनांत, शाई, जलरंग, पुठ्ठे व बिजागऱ्या एवढ्याच सामग्रीवर, प्रेक्षकाच्या हातास व मनास एकदमच कामाला लावणारें एक दालन उभें राहिलें होतें. त्याचे एक संयोजक विल्यम एडवर्ड बर्गहार्ट ड्यू बॉइस हे त्या वेळीं अवघे बत्तीस वर्षांचे प्राध्यापक होते.

ड्यू बॉइस यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८६८ रोजीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स संस्थानांत ग्रेट बॅरिंग्टन नांवाच्या लहानशा गांवीं झाला. त्या देशांतील गुलामगिरी कायद्यानें बंद होऊन तेव्हां जेमतेम दोन वर्षें उलटलीं होतीं. मूल लहान असतांनाच बाप घर सोडून गेला. आई मेरी हिनें लोकांच्या घरीं कामें करून, आणि पुढें अर्धांगाच्या झटक्यानें शरीर अधू झालें असतांहि हिंमत न सोडतां, मुलास वाढविलें. गांवांत कृष्णवर्णीयांचीं घरें थोडीं, आणि शाळेंत सर्व मुलें एकत्रच शिकत. त्यामुळें आपण इतरांहून कांहीं निराळे आहों हें ह्या हुशार मुलास बराच काळ ठाऊकच नव्हतें.

तें त्यास कळलें तें एका खेळांत. वर्गांतील मुलामुलींनीं भेटीचीं सुंदर कार्डें विकत आणून तीं एकमेकांस देण्याची टूम काढली होती. सर्वांस मोठी मौज वाटत होती. विल्यमनेंहि आपलें कार्ड पुढें केलें. शाळेंत नव्यानें आलेल्या एका उंच मुलीनें तें घेण्याचें साफ नाकारलें. तिनें कारण सांगितलें नाहीं. तिच्या एका दृष्टिक्षेपांतच तें होतें. अपमान लहान, परंतु त्याचा अर्थ मोठा होता. त्या कार्डावर त्याचें नांव होतें, आणि त्या मुलीनें नांव वाचलेंच नाहीं. तिनें वर्ण वाचला. पुढें आपल्या ग्रंथांत ड्यू बॉइस यांनीं ह्या भेदास पडद्याची उपमा दिली आहे. पडद्याच्या आंतील माणसास स्वतःकडे दोन दृष्टींनीं पाहावें लागतें, एक आपली आणि दुसरी तुच्छतेनें पाहणाऱ्या जगाची, हा त्यांचा प्रसिद्ध विचार; त्याचें बीज त्या लांकडी शाळागृहांत पडलें.

त्यांचे हेडमास्तर मात्र भले गृहस्थ होते. त्यांनीं ह्या मुलास लॅटिन, ग्रीक, बीजगणित व भूमिति हे कॉलेजास लागणारे विषय घ्यावयास लावले. इ. स. १८८४ सालीं तो शाळेची परीक्षा उतरला. दुसऱ्याच वर्षीं आई वारली. तेव्हां गांवांतील चर्चच्या मंडळींनीं वर्गणी करून त्यास दक्षिणेकडे, नॅशव्हिल येथील फिस्क विद्यापीठांत पाठविलें. दास्यमुक्त झालेल्यांच्या मुलांकरितां मिशनरी मंडळींनीं ही संस्था स्थापिली होती. सुटींत तो टेनेसी संस्थानाच्या खेड्यापाड्यांत शिक्षकाची नोकरी करी. मोडक्या झोंपडींत भरणारी ती शाळा व दूरदूरच्या शेतांवरून चालत येणारीं तीं मुलें त्याच्या मनांतून पुढें कधींच गेलीं नाहींत.

फिस्कहून ते हार्वर्डला गेले. तेथून शिष्यवृत्तीवर इ. स. १८९२ ते १८९४ अशीं दोन वर्षें बर्लिन येथें राहिले. माणसासारखें माणूस म्हणून आपणांस कोणी वागविलें तर तें प्रथम तेथें, असा त्यांचा अनुभव होता. तेथील अर्थशास्त्राचे आचार्य श्मोलर यांच्या पायाशीं बसून ते एक गोष्ट शिकले : समाजाविषयीं मत देण्यापूर्वीं वस्तुस्थिति गोळा करावी, ती बारकाईनें, चिकाटीनें व आपल्या आवडीनिवडीस बाजूला ठेवून करावी. शिष्यवृत्तीची मुदत वाढवून न मिळाल्यामुळें बर्लिनची पदवी हुकली. इ. स. १८९५ मध्यें हार्वर्डनें त्यांस डॉक्टर ही पदवी दिली. त्या विद्यापीठाकडून ती मिळविणारे ते पहिले कृष्णवर्णीय होत.

अमेरिकेंत त्या काळीं नीग्रो लोकांविषयीं मतें वाटेल तितकीं होतीं, माहिती मात्र नव्हती. हे लोक आळशी आहेत, गुन्हेगार आहेत, नाहींसे होत चालले आहेत, असें मोठमोठे विद्वान बेधडक लिहीत. ड्यू बॉइस यांची श्रद्धा अशी होती कीं, हें सारें अज्ञान आहे, आणि अज्ञानावर औषध ज्ञान. जगास खरी हकीकत मोजून दाखविली म्हणजे जग शहाणें होईल. ही श्रद्धा तरुणाची होती, आणि ती फार दिवस टिकली नाहीं. परंतु तिच्या जोरावर त्यांनीं जें काम केलें तें टिकलें आहे.

इ. स. १८९६ सालीं पेनसिल्व्हेनिया विद्यापीठानें त्यांस फिलाडेल्फिया शहराच्या सातव्या वॉर्डांतील कृष्णवर्णीयांची पाहणी करण्यास बोलाविलें. शिकविण्याचें काम नाहीं, हुद्दा नांवापुरता, पगार वर्षास ९०० डॉलर. नुकतेंच लग्न झालेलें; नवराबायकोनें त्याच गरीब वस्तींत एका खोलींत बिऱ्हाड थाटलें. ड्यू बॉइस यांनीं हाताखालीं गणक ठेवले नाहींत. प्रश्नांचे छापील तक्ते घेऊन ते स्वतः दारोदार गेले. सुमारे अडीच हजार कुटुंबांशीं बोलले. कोणी आदरानें बसवून घेतलें, कोणी उंबऱ्यावरूनच वाटेस लावलें. हा उंची पोषाखाचा, हातांत काठी घेतलेला विद्वान आपल्याला किड्यामुंग्यांसारखा न्याहाळण्यास आला कीं काय, असेंहि कांहींस वाटलें असावें, आणि त्यांत त्या बिचाऱ्यांचें फार चुकलें असें आम्हांस वाटत नाहीं. मोजणारा व मोजला जाणारा ह्यांच्यामध्येंहि एक पडदा असतोच. पुढें १८९९ सालीं निघालेल्या त्यांच्या ग्रंथांत गरिबांच्या वागणुकीवर कोठें कोठें कडक ताशेरे आहेत, ते वाचतांना ही गोष्ट आठवते.

परंतु त्या ग्रंथानें जें सिद्ध केलें तें निर्विवाद आहे. रोग लोकांच्या रक्तांत नव्हता. कारखान्यांचीं व कचेऱ्यांचीं दारें त्यांना बंद होतीं, भाडें जबर होतें, आणि गुलामगिरीचा भार पाठीवर होता. वॉर्डाच्या नकाशावर त्यांनीं एकेका घरास स्थितीप्रमाणें निराळा रंग दिला. त्यामुळें ज्या वस्तीस शहर एकाच काळ्या नांवानें ओळखी, तिच्यांत सुखवस्तु, कष्टाळू, गरीब व बिघडलेले असे नाना प्रकारचे शेजारी राहतात हें नजरेस आलें.

ह्याच ग्रंथांत त्यांनीं आणखी एक हट्ट धरला. नीग्रो हा शब्द इंग्रजींत त्या वेळीं पहिलें अक्षर लहान ठेवून छापीत, जणू तें माणसांचें नांव नव्हेच. आपण तो मोठ्या अक्षरानें लिहिणार, ऐंशी लक्ष अमेरिकनांस एवढा मान मिळावयास हरकत नाहीं, असें त्यांनीं टीप देऊन जाहीर केलें. आमच्या देवनागरींत लहानमोठीं अक्षरें नाहींत. म्हणून आम्हांस हा हट्ट क्षुल्लक वाटेल. पण हजेरी घेतांना कोणी आपलें नांव मुद्दाम तोडून उच्चारलें तर कसें वाटतें, हें ज्यास ठाऊक आहे त्याला तो क्षुल्लक वाटणार नाहीं.

इ. स. १८९७ च्या अखेरीस ते जॉर्जिया संस्थानांतील अटलांटा विद्यापीठांत प्राध्यापक झाले. दर वर्षीं एक विषय घेऊन, विद्यार्थ्यांच्या साहाय्यानें कृष्णवर्णीयांच्या जीवनाची शास्त्रीय पाहणी करण्याचा त्यांनीं परिपाठ ठेवला. मग १८९९ सालचा वसंत ऋतु आला. एप्रिल महिन्यांत सॅम होझ ह्या कृष्णवर्णीय मजुरावर खुनाचा आरोप येऊन, न्यायालयांत खटला उभा राहण्यापूर्वींच जमावानें त्यास जिवंत जाळलें. ड्यू बॉइस ह्यांनीं एक शांत, साधार पत्र लिहिलें आणि तें वृत्तपत्राच्या कचेरींत देण्याकरितां ते पायीं निघाले. वाटेंत त्यांना कळलें कीं, त्याच रस्त्यावरील एका दुकानांत त्या माणसाच्या बोटांचीं हाडें मांडून ठेविलीं आहेत. ते तेथूनच परत फिरले. माणसें जाळलीं जात असतां आपण थंडपणें आंकडे मांडीत बसूं शकत नाहीं, हें त्यांना त्या दिवशीं कळून चुकलें.

पुढच्याच महिन्यांत त्यांचा एकुलता एक मुलगा बर्गहार्ट घटसर्पानें दगावला. त्याला दोन वर्षेंहि पुरीं झालीं नव्हतीं. त्याची अंत्ययात्रा अटलांटाच्या रस्त्यानें चालली असतां आजूबाजूच्या गोऱ्या पादचाऱ्यांनीं मान वळवून पाहिलें, आणि त्यांच्या तोंडून दुःखाचा शब्द न निघतां वर्णाची शिवी निघाली. मेलेलें तान्हें मूलहि त्यांच्या लेखीं मूल नव्हतें. हा प्रसंग ड्यू बॉइस ह्यांनीं पुढें लिहून ठेविला आहे, आणि तो वाचतांना आमचे डोळे कोरडे राहिले नाहींत.

अशा मनःस्थितींत त्याच वर्षाच्या अखेरीस पॅरिसचें काम त्यांच्यापुढें आलें. फिस्क येथील त्यांचे स्नेही टॉमस कॅलोवे यांनीं खटपट करून, येत्या जागतिक प्रदर्शनांत अमेरिकेंतील नीग्रो लोकांच्या प्रगतीचें स्वतंत्र दालन असावें हें सरकारकडून मान्य करून घेतलें होतें. काँग्रेसनें त्यास १५,००० डॉलर मंजूर केले. समाजशास्त्राची बाजू ड्यू बॉइस यांनीं उचलावी असें ठरलें. हातीं महिने थोडे. अटलांटा येथें आजीमाजी विद्यार्थ्यांस जमवून त्यांनीं साठांहून अधिक मोठे तक्ते हातानें काढविले. मोजणी करणारे, रंग भरणारे, अक्षरें रेखणारे सारे कृष्णवर्णीय होते, आणि ही गोष्ट पहिल्याच तक्त्यावर नमूद केलेली होती. सर्व तयार झालें तेव्हां पैसे संपत आले होते. ड्यू बॉइस जहाजाच्या सर्वांत स्वस्त वर्गानें अटलांटिक महासागर ओलांडून पॅरिसला गेले.

सीन नदीच्या कांठीं सामाजिक अर्थकारणाचें जें भवन होतें त्याच्या एका कोपऱ्यांत हें दालन होतें. तक्ते भिंतीवर नुसते टांगलेले नव्हते. बिजागऱ्यांवर फिरणाऱ्या चौकटींत ते बसविलेले असून, प्रेक्षकास ते पुस्तकाच्या पानांसारखे स्वतःच्या हातानें उलटावे लागत. ही योजना जागेच्या टंचाईमुळें सुचली असो वा मुद्दाम केलेली असो, तिचा परिणाम मोठा होत असला पाहिजे. समोरून चालतां चालतां पाहिलेलें चित्र विसरतें. हातानें उलटलेलें पान लक्षांत राहतें.

आणि तीं पानें तरी कशीं! एका तक्त्यावर काळ्याभोर रंगाचा एक प्रचंड डोंगर आहे आणि त्याच्या माथ्यावर हिरव्या रंगाची अरुंद पट्टी. काळा रंग गुलामांचा, हिरवा स्वतंत्रांचा. १७९० सालीं शेंकडा ८ स्वतंत्र, १८६० सालीं शेंकडा ११. सत्तर वर्षें ती पट्टी जवळजवळ तेवढीच. आणि एकाएकीं उजव्या टोकाशीं हिरवा रंग कड्यावरून पाणी कोसळावें तसा तळापर्यंत उतरतो : १८७० सालीं शेंकडा १००. एक अक्षरहि वाचतां न येणाऱ्या माणसास तो तक्ता समजला असता.

दुसरा तक्ता १८९० सालच्या जॉर्जियांतील कृष्णवर्णीय वस्तीचा. मोठ्या शहरांत राहणारे ७८,१३९. त्यांची रेघ कागदावर सरळ मावते. खेड्यांत राहणारे ७,३४,९५२. त्यांची रेघ त्याच मापानें ओढावयाची तर कागदच पुरणार नाहीं. मग काढणाऱ्यांनीं काय केलें? ती लाल रेघ त्यांनीं वेटोळें घालून नागासारखी आंत आंत वळविली. शास्त्रज्ञ म्हणेल कीं वेटोळ्याची लांबी डोळ्यास नीट मोजतां येत नाहीं, आणि त्याचें म्हणणें बरोबर आहे. पण त्या रेघेवरून बोट फिरवीत मध्यापर्यंत पोहोंचण्यास जो वेळ लागतो, त्या वेळांतच शेतांत राबणारे ते सात लक्ष लोक किती आहेत हें मनावर ठसतें. आमच्या विद्यार्थ्यांनीं एकदां चौकटीच्या वहींत प्रयोग करून पाहावा.

असेंच एक वेटोळें भांड्याकुंड्यांचें आहे. जॉर्जियांतील कृष्णवर्णीयांच्या घरांत खाटा, टेबलें, चुलीवरचीं भांडीं वगैरे जी चीजवस्तु होती तिची कर आकारण्यासाठीं धरलेली किंमत १८७५ सालीं २१,१८६ डॉलर होती. १८९९ सालीं ती १४,३४,९७५ डॉलर झाली. मोठमोठ्या साम्राज्यांनीं तोफा व यंत्रें मांडलेल्या त्या प्रदर्शनांत कोणी आपल्या आयाबायांच्या पातेल्यांचा हिशेब मांडतो, ही गोष्ट आम्हांस तोफांहून अधिक अभिमानाची वाटते. आणखी एका तक्त्यांत अटलांटा येथील दीडशें कुटुंबांचा जमाखर्च आहे. सर्वांत गरीब कुटुंबांचा बहुतेक सारा पैसा भाडें, अन्न व कपडे ह्यांतच संपून जातो. इतर गोष्टींकरितां फारच थोडें उरतें. त्या तक्त्याच्या माथ्यावर छोटे फोटो चिकटविलेले आहेत; आंकड्यांच्या रकान्यांत घरें व माणसें येऊन उभीं राहिलीं आहेत.

निरक्षरतेच्या तक्त्यावर एक बारीक खूण आहे. १८७० सालीं शेंकडा ९२.१, १८८० सालीं ८१.६, १८९० सालीं ६७.२७ असे आंकडे उतरत येतात. शेवटीं १९०० सालापुढें ५० लिहिलें आहे आणि त्याच्यापुढें प्रश्नचिन्ह. त्या वर्षाची मोजणी हातीं आलेली नव्हती. पदक मिळवावयास निघालेला माणूस तें चिन्ह सहज गाळूं शकला असता.

तक्त्यांच्या शेजारीं छायाचित्रांचे ग्रंथ ठेवलेले होते. त्यांत तीनशें साठांहून अधिक छायाचित्रें होतीं. दुकानें, चर्चें, घरांच्या ओट्यांवर बसलेलीं कुटुंबें, आणि त्याहून अधिक म्हणजे नुसते चेहरे. कडक इस्त्रीची कॉलर घातलेले तरुण, केस नीट विंचरलेल्या मुली, पांढऱ्या झग्यांतलीं बाळें. कोणी अगदीं सांवळे, आणि कोणी इतके गोरे कीं पॅरिसच्या प्रेक्षकास ते आपल्याच शेजारचे वाटावे. जॉर्जियाच्या समाजांत हे सर्व एकाच नांवाखालीं, एकाच रकान्यांत मोडत. तें पुस्तक हातांत घेणारा प्रेक्षक पान उलटतां उलटतां चेहऱ्यावरून वर्ण ओळखूं पाहतो, आणि त्याला तो ओळखतां येत नाहीं. त्याच्या डोक्यांतला रकाना त्याच्याच हातांत फुटतो. एवढें काम कोणत्याहि व्याख्यानानें झालें नसतें.

ह्याशिवाय जॉर्जियाच्या विधिमंडळानें कृष्णवर्णीयांविषयीं वेळोवेळीं केलेले कायदे हातानें नकलून तीन जाड वह्यांत मांडलेले होते. म्हणजे एका बाजूस माणसें, दुसऱ्या बाजूस त्यांची वाढ, आणि तिसऱ्या बाजूस त्यांच्या वाटेंत घातलेले दगड. टीका करणारें एकहि वाक्य भिंतीवर लावावें लागलें नाहीं.

एक गोष्ट आम्हांस खटकते, ती सांगितली पाहिजे. ज्यानें नांवाच्या पहिल्या अक्षरासाठीं एवढा आग्रह धरला, त्यानें त्या चेहऱ्यांखालीं नांवें घातलीं नाहींत. त्या ग्रंथांचें शीर्षकच मुळीं नमुने अशा अर्थाचें होतें. कांहीं चित्रें तर समोरून व बाजूनें अशीं दुहेरी घेतलेलीं आहेत, जशीं त्या काळचे वंशशास्त्रज्ञ आणि पोलीस घेत. त्यांचींच हत्यारें त्यांच्यावर उलटवावीं हा हेतु असेल. तरी त्या मुलीचें नांव काय होतें, हा प्रश्न पान उलटल्यावरहि मागें राहतो.

त्या प्रदर्शनास सुमारे पांच कोटि लोक येऊन गेले. सर्वच ह्या कोपऱ्यांत वळले असतील असें नाहीं. परीक्षकांनीं ड्यू बॉइस ह्यांस सुवर्णपदक दिलें. दुसऱ्या वर्षीं हें साहित्य अमेरिकेंत बफेलो येथील प्रदर्शनांत मांडलें गेलें, आणि मग तें पेट्यांत बंद झालें.

पुढचा इतिहास लांबलचक आहे. तो थोडक्यांत सांगतों. १९०३ सालीं त्यांचा कृष्णवर्णीयांच्या अंतरंगावरील निबंधसंग्रह निघाला व त्यांची कीर्ति जगभर झाली. त्या ग्रंथांत आंकडे थोडे आणि माणसें पुष्कळ आहेत. तरी मोजणी त्यांनीं सोडली नव्हती. १९०६ सालीं सरकारी मजूर खात्यासाठीं त्यांनीं अलाबामांतील लाउंड्स परगण्याची मोठी पाहणी केली. घरोघर हिंडून जमीन, कर्ज, मजुरी व कुटुंबें ह्यांची माहिती जमविली, नकाशे व तक्ते काढले. त्या खात्यानें तो अहवाल छापण्याचें नाकारलें, आणि पुढें चौकशी केली तेव्हां तो नष्ट करण्यांत आल्याचें उत्तर मिळालें. दुसरी प्रत नव्हती. एका परगण्यांतील हजारों माणसांनीं विश्वासानें दिलेलीं उत्तरें अशा रीतीनें नाहींशीं झालीं. सॅम होझची हकीकत ऐकून त्यांची जी श्रद्धा डळमळली होती, ती ह्या घटनेनें बहुधा पुरती गेली असावी. ज्ञान नको म्हणणाऱ्यास ज्ञान देऊन काय होणार?

१९१० सालीं ते प्राध्यापकी सोडून न्यूयॉर्कला गेले आणि नुकत्याच स्थापन झालेल्या कृष्णवर्णीय हक्कसंरक्षक संस्थेचें द क्रायसिस हें मासिक काढूं लागले. सुमारे दहा वर्षांत त्याच्या एक लक्ष प्रती खपूं लागल्या. ह्या मासिकांत जमावानें ठार मारलेल्यांची मोजदाद वर्षानुवर्षें छापली जाई. आणि ऑक्टोबर महिन्याच्या बालकांच्या अंकांत वाचकांनीं पाठविलेलीं त्यांच्या तान्ह्या मुलांचीं छायाचित्रें पानेंच्या पानें भरून येत. एकाच माणसानें दोन्ही छापलीं. बर्गहार्टच्या बापास तो बालकांचा अंक सिद्ध करतांना काय वाटत असेल ह्याची कल्पना आम्ही करूं शकतों. अधिक बोलणें बरें नव्हे.

आपल्या देशाशीं त्यांचा संबंध आला तो केवळ पुस्तकी नव्हता. लाला लजपतराय अमेरिकेंत असतांना उभयतांचा परिचय झाला. १९२९ सालीं महात्मा गांधींचा संदेश त्यांच्या मासिकांत प्रसिद्ध झाला. आणि १९४६ सालीं डॉ. भीमराव आंबेडकर यांनीं त्यांस पत्र लिहून, अमेरिकन नीग्रोंनीं संयुक्त राष्ट्रसंघाकडे जो अर्ज केला होता त्याच्या प्रती मागविल्या. अस्पृश्यांची व नीग्रोंची स्थिति किती सारखी आहे हें त्यांनीं त्यांत लिहिलें होतें. ड्यू बॉइस यांनीं त्याच वर्षाच्या जुलैअखेर सहानुभूतीचें उत्तर धाडलें. दोघेहि अर्थशास्त्राचे अभ्यासक, दोघेहि परदेशीं विद्यापीठांत नांव मिळविलेले, आणि दोघांसहि मायदेशीं परतल्यावर नांवाआधीं जन्म विचारला गेलेला. त्यांची प्रत्यक्ष ओळख असती तर काय बोलणें झालें असतें, असें मनांत येतें.

उतारवयांत ड्यू बॉइस यांचें सरकाराशीं अधिकाधिक बिनसत गेलें. रशियाच्या राजवटीचें त्यांनीं जें कौतुक केलें तें आम्हांस मान्य नाहीं. इतकें बारीक मोजणाऱ्या माणसानें तेथील बळींची मोजणी कां केली नाहीं हें कळत नाहीं. परंतु १९५१ सालीं शांततेच्या प्रचाराबद्दल परकीय हस्तक ठरवून त्यांच्यावर खटला भरला, तो निव्वळ अन्याय होता. तेव्हां ते त्र्याऐंशीं वर्षांचे होते. त्यांच्या बोटांचे ठसे घेतले गेले, हातांत बेड्या पडल्या. न्यायालयानें त्यांस निर्दोष सोडलें, तरी पुढें कित्येक वर्षें त्यांना परदेशप्रवासाचा परवाना मिळाला नाहीं. १९६१ सालीं घाना देशाचे अध्यक्ष एन्क्रुमा यांच्या निमंत्रणावरून आफ्रिकेच्या ज्ञानकोशाचें काम करण्याकरितां ते तिकडे गेले. तो ज्ञानकोश अपुराच राहिला. २७ ऑगस्ट १९६३ रोजीं, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षीं, अक्रा शहरीं त्यांचें देहावसान झालें. दुसऱ्याच दिवशीं वॉशिंग्टन येथें नागरी हक्कांसाठीं अडीच लक्षांचा जमाव लोटला होता. त्या सभेंत व्यासपीठावरून त्यांच्या निधनाची वार्ता सांगण्यांत आली.

पॅरिसचे तक्ते वॉशिंग्टन येथील काँग्रेसच्या ग्रंथालयांत सुरक्षित आहेत. कडा थोड्या झिजल्या आहेत, परंतु लाल व हिरवा रंग अजून ताजा दिसतो. २०१८ सालीं ते सर्व एकत्र पुस्तकरूपानें प्रसिद्ध झाले, आणि संख्याशास्त्राचे व चित्रकलेचे विद्यार्थी ते सारख्याच आवडीनें पाहतात. छायाचित्रांचे ग्रंथहि तेथेंच आहेत. अभ्यासकांनीं जुन्या कागदपत्रांवरून थोड्या चेहऱ्यांचीं नांवें शोधून काढलीं आहेत. बाकीच्या पुष्कळ चेहऱ्यांखालची जागा रिकामीच आहे.